टाकाऊ दगडाचा ताळेबंद

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली इक्विटी सिल्व्हर ही चांदीची खाण 1980 मध्ये सुरू झाली. वर्ष-दोन वर्षांतच तिथल्या टाकाऊ दगडाच्या ढिगाऱ्यांतून आम्लयुक्त पाणी झिरपू लागले. 1994 मध्ये खाण बंद झाली, पण ते पाणी गोळा करून चुन्याने त्यातले आम्ल मारण्याचे काम काही थांबवता आले नाही.

याच्या मुळाशी बहुतेक वेळा पायराइट असते, म्हणजे लोह आणि गंधक यांचे पिवळे चकचकीत खनिज. जमिनीखाली ते शांत पडून असते. खडक फोडून उघड्यावर टाकला की हवा-पाणी लागते आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होऊ लागते. सामू (pH) उतरला, म्हणजे पाणी अधिक आम्लयुक्त झाले, की लोहावर जगणारे जिवाणू फोफावतात आणि हा वेग कैक पटींनी वाढवतात. मग तांबे, जस्त, कॅडमियम विरघळून ओढ्यात उतरतात. (पावसाळ्यात गोव्याच्या लोहखनिजाच्या खाणींतून वाहणारे लाल पाणी हा वेगळा प्रकार. तिथले धातुक, म्हणजे धातू असलेले खनिज, मुख्यतः ऑक्साइडचे आहे, पायराइटसारखे गंधकाचे नाही. पाण्यात दिसतो तो गाळ.)

हा धोका ओळखण्याचा कच्चा माल खाण सुरू होण्याच्या कितीतरी आधी हाताशी असतो: वेधनातून, म्हणजे जमिनीत खोल भोके पाडून, काढलेले खडकाचे दंडगोल, ज्यांना सगळे कोअर म्हणतात. पण पूर्वेक्षणात, म्हणजे खनिजाच्या शोधात, लक्ष असते ते धातूवर. तांबे-सोने दिसलेला तुकडा प्रयोगशाळेत जातो, ‘रिकामा’ खडक कोअरच्या पेटीतच राहतो. पुढे ढिगाऱ्यावर जाणार असतो तो नेमका हाच! तेव्हा प्रत्येक प्रकारच्या रिकाम्या खडकाचे नमुने घेऊन त्यांतले आम्ल करणारे गंधक आणि आम्ल मारणारे कार्बोनेट मोजणे, याहून स्वस्त शहाणपण मला तरी दिसत नाही.

पहिली चाचणी पेटीपाशीच होते. कोअरवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. कॅल्साइट असेल तर लगेच फसफसते. डोलोमाइट असेल तर आधी ओरखडून भुकटी करावी लागते. सिडेराइट मात्र फसवे. तेही कार्बोनेटच, पण त्यातले लोह पुढे ऑक्सिडीकरण होऊन मारलेले आम्ल परत करते. त्यामुळे नुसता कार्बोनेटचा आकडा पाहून निर्धास्त राहू नये.

पुढचा हिशेब जमा-खर्चाचा. एक टन खडकात सल्फाइडरूपी (पायराइटसारख्या खनिजांतले) गंधक 1 टक्का असेल, तर त्याचे आम्ल मारायला 31.25 किलो कॅल्साइट लागते; 2 टक्के असेल तर 62.5 किलो. खडकाची आम्ल मारण्याची क्षमता भागिले आम्ल करण्याची क्षमता हे गुणोत्तर 1 च्या खाली असेल तर धोका स्पष्ट, 2 च्या वर असेल तर बहुधा चिंता नाही. खरी डोकेदुखी मधल्यांची. त्यांना आर्द्रता-कक्षात घालतात: तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट, सातव्या दिवशी पाण्याने धुऊन त्या पाण्याची तपासणी. हे किमान वीस आठवडे, अनेकदा वर्षभराहून जास्त चालते. कार्बोनेट संपेपर्यंत पाणी चांगलेच दिसते, म्हणून घाई चालत नाही.

खाणीचा आराखडा कागदावर असतानाच हे निकाल हाती आले, तर आम्ल करणारा खडक वेगळा काढून कायम पाण्याखाली ठेवता येतो, कारण पाण्यातून ऑक्सिजन फार सावकाश झिरपतो. लाखो टन दगड एकत्र ओतून झाल्यावर तो निवडणार कोण?