'ढ' मुलाची झोप

मूल घोरायला लागलं की 'दमलंय बिचारं, गाढ झोपलंय' म्हणून आपण पांघरूण सारखं करतो. डॉक्टरांना या घोरण्याचा संशय सव्वाशे वर्षांपूर्वीच आला होता. पुढे तेही विसरले.

नाकाच्या मागे वाढणाऱ्या ॲडिनॉइडचं, म्हणजे टॉन्सिलसारख्याच मऊ गाठीचं, वर्णन कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी १८६८मध्ये केलं. १८८९मध्ये विल्यम हिल या ब्रिटिश डॉक्टरांनी अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांचा संबंध अशा चोंदलेल्या श्वासाशी जोडला. वर्गातल्या 'ढ' मुलाचं दुखणं कदाचित डोक्यात नव्हे, घशात होतं! १८९२मध्ये विल्यम ऑस्लर या कॅनेडियन डॉक्टरांनी टॉन्सिल वाढलेल्या मुलाची रात्रच पाठ्यपुस्तकात उतरवली: घोरणं, मध्येच बराच वेळ थांबलेला श्वास, मग धाडकन आत ओढलेली हवा. आज आईवडील मोबाइलवर टिपून आणतात ते हेच. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाढलेले टॉन्सिल वाट अडवतात, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होतो. असं रात्रभर चालतं.

पुढे टॉन्सिल सरसकट काढले जाऊ लागले, पण ते जंतूंचं घर म्हणून. मुलाच्या झोपेकडे कोण बघतो? न्यूयॉर्कमध्ये १९३४च्या एका पाहणीत ११ वर्षांच्या १००० मुलांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल आधीच गेले होते. उरलेल्या ३८९ पैकी डॉक्टरांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. निरोगी ठरलेले २१५ दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले, त्यांनी ९९ निवडले. तिसऱ्या फेरीनंतर फक्त ६५ मुलं सुटली, तीही तपासायला डॉक्टर उरले नाहीत म्हणून.

प्रतिजैविकं आल्यावर ही लाट ओसरली. १९६५मध्ये वाढलेल्या टॉन्सिलमुळे हृदयावर ताण आलेली आणि शस्त्रक्रियेनंतर सावरलेली मुलं वैद्यकीय नियतकालिकांत दिसू लागली. अखेर १९७६मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले झोपेचे अभ्यासक क्रिस्तियन गिलमिनो यांनी आठ मुलांच्या झोपेच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दिवसा पेंग, शाळेत घसरण, नव्याने सुरू झालेलं अंथरूण ओलं करणं आणि रात्री अडणारा श्वास असं ते चित्र होतं.

झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांचे टॉन्सिल आणि ॲडिनॉइड लगेच काढावेत की वाट पाहावी, हे तपासायला अमेरिकेत ४६४ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३मध्ये आले. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपतपासणी सुधारून सामान्य आली. नुसती वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्क्यांची आली. शस्त्रक्रियेनंतर वागणूक सुधारली. अवधानाच्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.