एकाच कुरणाची वीस कुरणं

युरियाची मूठ पडली आणि वर पावसाची एक सर येऊन गेली, की आठवडाभरात पिकाला काळोखी येते. हे कुणा शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. खताचा पिकावरचा परिणाम डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, वजनकाट्यावर चढतो. म्हणून आपण खताला जोखतो तेही एका हंगामापुरतं, फार तर दोन. पण तेच खत, त्याच मात्रेत, त्याच जमिनीवर दीडशे वर्षं पडत राहिलं तर? त्या जमिनीचं काय होईल? याचं उत्तर प्रयोगशाळेत बसून मिळत नाही. त्यासाठी कुणीतरी दीडशे वर्षं थांबावं लागतं.

लंडनच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर हार्पेंडन नावाचं गाव आहे. तिथल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्राच्या आवारात सात एकरांचं एक कुरण आहे, पार्क ग्रास. १८५६ साली त्याचे तुकडे पाडून प्रत्येकावर वेगवेगळं खत टाकायला सुरुवात झाली. त्याआधीची निदान शंभर वर्षं ते कुरणच होतं. आपल्याकडे सत्तावनचा उठाव व्हायचा होता, तेव्हापासूनचा हा प्रयोग आजही चालू आहे. या काळात तिथे ना नांगर चालला, ना कुणी बी पेरलं. बदललं ते फक्त वरून पडणारं खत, आणि बऱ्याच नंतर चुना.

प्रयोग सुरू करणारे जॉन बेनेट लॉज हे रॉथमस्टेडचे जमीनदार. हाडांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून सुपरफॉस्फेट बनवण्याचं पेटंट त्यांनी १८४२ साली घेतलं आणि लगोलग कारखानाही काढला. म्हणजे खत विकणारा माणूसच खताची परीक्षा घेत होता. असं असूनही त्यांच्या नोंदींवर दीडशे वर्षांनंतरचे शास्त्रज्ञ भरवसा ठेवतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याचं बरंचसं श्रेय जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला जातं. जर्मनीत नामवंत रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या हाताखाली शिकलेले गिल्बर्ट १८४३ मध्ये रॉथमस्टेडला आले, आणि या जोडीने पुढची ५७ वर्षं एकत्र काम केलं.

दोघांना पडलेला प्रश्न साधा होता. त्या काळी इंग्लंडमध्ये ओझी वाहायला, नांगर ओढायला घोडे होते आणि घोड्यांना हिवाळाभर वाळलेलं गवत लागायचं. कोणतं खत दिलं तर गवताचं वजन जास्त भरेल, एवढंच त्यांना पाहायचं होतं. एका तुकड्याला काहीच नाही, एकाला नुसतं नत्र, एकाला स्फुरद-पालाश, एकाला सगळं, एकाला शेणखत. जूनच्या मध्यावर कापणी, मग वजन. पुढे १८७५ पासून शरद ऋतूत दुसरी कापणीही सुरू झाली.

वजनाचा प्रश्न फार लवकर सुटला. पण दोन-तीन वर्षांतच त्यांच्या लक्षात आलं, की तुकड्यांमधलं गवतच एकमेकांसारखं राहिलेलं नाही. प्रत्येक तुकड्यात जणू वेगळं बियाणं पेरलं असावं, इतका फरक. खत बदललं तसं कुरणच बदललं होतं.

मग त्यांनी जे केलं ते वाचून मी थक्क झालो. १८६२ ते १८७७ या काळात दर पाच वर्षांनी त्यांनी प्रत्येक तुकड्यातल्या वाळल्या गवताचे नमुने घेतले आणि ते हाताने निवडले. आपल्या घरी तांदूळ निवडतात तसं, काडी काडी वेगळी करून, ही या गवताची, ही त्या गवताची, ही रानफुलाची, ही वाटाण्याच्या कुळातली. मग प्रत्येक ढिगाचं वजन. त्या कंटाळवाण्या निवडण्यामुळेच त्या वेळी कुरणात काय होतं, हे आज सांगता येतं.

खत न मिळालेल्या तुकड्यांत आजही ३५ ते ४० जातींच्या वनस्पती सापडतात. गवत बुटकं आणि विरळ, पण जूनमध्ये त्यात पिवळी, जांभळी फुलं उमलतात. भरपूर नत्र मिळालेल्या तुकड्यांत गवत उंच आणि दाट होतं, मात्र जाती घटतात. याचं कारण लोकांना बराच काळ मुळांत शोधावंसं वाटलं. खरं कारण मुख्यतः डोक्यावर असतं. नत्र मिळालं की दोन-चार दांडगी गवतं उंच वाढतात आणि खालच्यांचं ऊन अडवतात. झुरिच विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये याचा सुंदर पुरावा दिला. खत घातलेल्या गवताच्या बुंध्याशी त्यांनी दिवे लावले. खालच्या रोपांना उजेड मिळाला आणि खत असूनही जाती टिकल्या.

सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, फिरलेल्या माणसाला हे वेगळ्या वाटेने ठाऊक असतं. कासच्या पठारावर जांभ्यावर मातीचा जेमतेम पापुद्रा आहे, आणि फुलांची एवढी गर्दी तिथेच होते. सीतेची आसवं आणि दवबिंदू तर नत्रासाठी किडे पकडून खातात. माती हलाखीची असल्यामुळे तिथे कुणा एकाची दांडगाई चालत नाही. कासवर युरिया टाकला तर काय होईल, याचा अंदाज पार्क ग्रास पाहून करता येतो.

आता या प्रयोगातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. इथे नत्र दोन रूपांत दिलं जातं: काही तुकड्यांना अमोनियम सल्फेट, तर काहींना सोडियम नायट्रेट. दोन तुकडे असे आहेत, की दोघांना दरवर्षी हेक्टरी ९६ किलोच नत्र मिळतं. स्फुरद, पालाश वगैरे बाकीचं सगळंही सारखं. फरक फक्त नत्र कशातून येतं याचा. खताच्या पिशवीवर आपण नत्राचा आकडा वाचतो. त्या आकड्याच्या हिशेबाने हे दोन तुकडे सख्खे भाऊ. प्रत्यक्षात नायट्रेटवाल्या तुकड्याचा सामू (पीएच, म्हणजे मातीचा आंबटपणा सांगणारा आकडा) चुना न घालताही सहाच्या घरात राहिला. अमोनियम सल्फेटवाला मात्र आंबट होत गेला. हेक्टरी १४४ किलो नत्र अमोनियम सल्फेटमधून मिळणाऱ्या तुकड्यांत तर सामू साडेतीनच्या आसपास उतरला आहे. जवळपास संत्र्याच्या रसाइतकी आंबट माती. सामू एकाने उतरतो तेव्हा आम्लता दहापट वाढते, म्हणजे सहा आणि साडेतीन यांतलं अंतर तीनशे पटींच्या वर जातं.

हे घडतं जिवाणूंमुळे. मातीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत हायड्रोजन आयन सुटतात. आंबटपणा म्हणजे तेच. पाण्याबरोबर नायट्रेट खाली झिरपतं तेव्हा सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन जातं आणि त्यांच्या जागा हायड्रोजन बळकावतो. सोडियम नायट्रेटमध्ये नत्र आधीच नायट्रेटच्या रूपात असल्याने ही पायरीच येत नाही. उलट मुळं नायट्रेट शोषताना माती किंचित आम्लारीकडे झुकते.

सामू पाचाच्या बराच खाली गेला की चिकणमातीच्या कणांत निपचित पडलेलं ॲल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळांची टोकं जाळतं. पार्क ग्रासच्या सर्वांत आंबट तुकड्यांत आज दोन-तीनच जाती उरल्या आहेत. तिथे गांडुळं नाहीत. वरचं मेलेलं गवत खाली ओढून नेणारं कुणी नाही, म्हणून ते कुजत नाही आणि जमिनीवर त्याची जाड गादी साचत जाते. दोन पावलं पलीकडे, बाकी सगळं सारखं असलेल्या पण चुना मिळालेल्या भागात, माती भुसभुशीत आहे आणि गवतात फुलं आहेत.

चुन्याची नियमित मात्रा १९०३ मध्ये सुरू झाली, तीही बहुतेक तुकड्यांच्या फक्त अर्ध्या भागावर. १९६५ मध्ये तुकड्यांचे आणखी भाग पाडले गेले: तीन भागांत चुना घालून सामू सात, सहा आणि पाचवर राखायचा आणि चौथ्याला चुन्याचा कणही द्यायचा नाही.

या फेरबदलाने आणखी एक गोष्ट हाती लागली. या कुरणात एक गोड वासाचं गवत आहे, शास्त्रीय नाव अँथोझँथम ओडोरॅटम. कापून वाळत टाकलेल्या गवताचा तो ओळखीचा सुगंध त्यातल्या कूमरिनमुळे येतो. ते आंबट तुकड्यांतही आहे आणि चुन्याच्या तुकड्यांतही. रेडिंग विद्यापीठाच्या स्नेडन आणि डेव्हिस यांनी वेगवेगळ्या तुकड्यांतली रोपं आणून एकाच मातीत लावली, तेव्हा ती सारखी वाढली नाहीत. त्यांची उंची, रोगाला तोंड देण्याची ताकद, कॅल्शियमची गरज, सगळंच वेगळं निघालं. फरक आता रक्तात उतरला होता. मधे ना डोंगर ना नदी, वारा एकीकडचे पराग सर्रास दुसरीकडे नेतो, तरी काही मीटरांच्या अंतरात उत्क्रांती झाली होती. १९६५ च्या चुन्यानंतर तर हा फरक सहा वर्षांत दिसू लागला. पुढे २००५ मध्ये सिल्व्हरटाउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की तुकड्यांच्या सीमेजवळ या गवताची फुलण्याची वेळही सरकली आहे. शेजारच्याशी संकर टळावा अशा बेताने ते फुलतं. मातीत काय पडतं यावर कोण कुणाशी नातं जोडणार हे ठरू लागलं होतं.

या प्रयोगात उणीव नाही असं नाही. एकेका खताला बहुधा एकच तुकडा मिळाला आहे आणि त्याची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेली नाही. शेतात एखादा कोपरा मुळातच सुपीक असेल तर? हा प्रश्न नीट सोडवला तो रोनाल्ड फिशर यांनी. १९१९ मध्ये ते रॉथमस्टेडला आले ते तिथल्या जुन्या नोंदींच्या ढिगातून काही निघतं का हे पाहायला. त्या कामातून त्यांनी शेतीप्रयोगांची मांडणीच बदलली. आज राहुरीत किंवा दापोलीत पदव्युत्तर अभ्यास करणारा विद्यार्थी ‘आरबीडी’ (रँडमाइझ्ड ब्लॉक डिझाइन, म्हणजे कुठल्या तुकड्याला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवणारी) म्हणून जी मांडणी शेतात आखतो, तिचं मूळ तिथे आहे.

रॉथमस्टेडच्या नमुन्यांच्या कोठारात माती, धान्य आणि गवताचे सुमारे तीन लाख नमुने जपलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात बाटल्यांचा तुटवडा पडला तेव्हा कॉफी, दूधभुकटी आणि पाकाचे रिकामे डबे वापरले, पण नमुना ठेवायचा चुकवला नाही. अणुबॉम्ब ठाऊक नसलेल्या काळापासूनचं गवत तिथे वर्षावार ठेवलेलं आहे. संशोधकांनी ते तपासलं तेव्हा १९५० च्या दशकातल्या अणुचाचण्यांचं प्लुटोनियम त्यात सापडलं. कोळशाच्या धुराचं गंधकही सापडलं. खत न मिळालेल्या तुकड्याची मातीसुद्धा पावसातल्या आम्लाने आंबट होत गेली होती. ‘काहीच नाही’ असा तुकडा खरं तर कुठेच नव्हता. आभाळातूनही नत्र पडत होतं.

आपल्याकडेही ही परंपरा आली. रॉथमस्टेडच्या धर्तीवर कानपूरला १८८५, पुसाला १९०८ आणि कोइम्बतूरला १९०९ मध्ये कायमस्वरूपी खतप्रयोग सुरू झाले. १९७० पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेने देशभर दीर्घकालीन खतप्रयोगांची साखळी उभी केली. अकोला आणि परभणी ही त्यातली आपली केंद्रं. आपले प्रयोग कुरणावर नाहीत, पिकांवर आहेत, पण माती तीच भाषा बोलते. हिमाचलमधल्या पालमपूरच्या मुळातच आंबट जमिनीत वर्षानुवर्षं नुसतं नत्र दिलेल्या तुकड्यांत मका-गव्हाचं उत्पादन ढासळत जवळजवळ शून्यावर आलं. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चुनखडी आहे. ती आम्ल शोषून घेते, म्हणून तिथे हे संकट असं उघडं पडत नाही. कोकणातल्या जांभ्या मातीला मात्र अशी शिल्लक नाही. ती आधीच आंबट आहे. ‘कोणतं खत?’ या प्रश्नाला मातीचा सामू न पाहता दिलेलं उत्तर अर्धंच असतं, आणि कोकणात तर ते नुकसान करणारं ठरू शकतं.

१९८९ मध्ये पार्क ग्रासच्या काही तुकड्यांच्या अर्ध्या भागाचं नत्र बंद करण्यात आलं. गेलेलं परत येतं का, हे पाहायचं होतं. १९९१ ते २०१२ या काळात हवेतून पडणारं नत्रही कमी होत गेलं आणि कुरणभर जाती वाढू लागल्या. वाटाण्याच्या कुळातल्या वनस्पती परतल्या. नत्र थांबवलेल्या भागांत हरवलेल्या विविधतेचा मोठा हिस्सा भरून आला, विशेषतः जिथे चुना होता तिथे. बी कुणी टाकलं नव्हतं. ते शेजारच्या तुकड्यांतून आलं.

परत आलं नाही ते सर्वांत आंबट मातीत. तिथे आजही उठून दिसतात ती तीच दोन-तीन गवतं, आणि त्यांच्या बुंध्याशी न कुजलेल्या काड्यांची गादी. दर जूनमध्ये तीही कापतात, वजन करतात आणि मूठभर गवत वाळवून, वर्ष लिहून कोठारात ठेवतात.