प्रोबेशन की पॅरोल? आधी आदेश कोणाचा ते बघा

पॅरोल म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला शिकवायला नको. शिक्षा भोगणारा कैदी रजेवर बाहेर येतो, मुदत संपली की परत आत. संचित रजा, म्हणजे फर्लो, त्याची सख्खी बहीण. बातम्या वाचून वाचून हे इतकं पाठ झालंय की अमेरिकेतल्या पॅरोललाही आपण तेच समजतो. तिथला पॅरोल ही रजा नव्हे. आतली मुदत संपवून माणूस बाहेर येतो आणि पुढे ठरावीक काळ देखरेखीखाली राहतो. नीट वागला तर परत जायचं कारण नाही. एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला, खरा घोळ इथे नाहीच.

घोळ प्रोबेशनचा आहे, म्हणजे न्यायालयाने दोषी माणसाला अटी घालून देखरेखीखाली बाहेर ठेवण्याचा. मी कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) डेप्युटी प्रोबेशन ऑफिसर आहे. "म्हणजे तुरुंगातून सुटलेल्यांवर लक्ष ठेवायचं काम ना?" हा प्रश्न घरच्यांकडून येतो तेव्हा मी सोडून देते. बँकेतले पीओ समजणाऱ्यांना तर हल्ली सरळ "हो" म्हणते. पण नोकरीच्या मुलाखतीला आलेली माणसंही तेच बोलतात तेव्हा कपाळाला हात लावावासा वाटतो. पॅरोल एजंट हा राज्य सरकारचा नोकर, राज्याच्या सुधारसेवा खात्याचा. आम्ही काउंटीचे, आणि आमचं बरंचसं काम न्यायालयासाठी. भरती वेगळी, वरिष्ठ वेगळे, फायली वेगळ्या.

यावर एक तयार उत्तर सगळीकडे फिरतं: "प्रोबेशन तुरुंगाऐवजी, पॅरोल तुरुंगानंतर." ऐकायला झकास, कामाला निरुपयोगी. कारण इथे तुरुंग दोन. एक काउंटीचा, शेरिफच्या म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या ताब्यातला, त्याला जेल म्हणतात. दुसरा राज्याचा, तो प्रिझन. फेलनीत, म्हणजे मोठ्या गुन्ह्यात, प्रोबेशन देतानाही न्यायाधीश एक वर्षापर्यंत जेलमध्ये राहण्याची अट घालू शकतात. म्हणजे माझ्यासमोर बसलेला, प्रोबेशनवर असलेला माणूस आठ महिने गजाआड काढून आलेला असू शकतो.

उलटा प्रकार त्याहून मोठा. राज्याच्या तुरुंगांतली गर्दी इतकी वाढली होती की 2011 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती क्षमतेच्या 137.5 टक्क्यांपर्यंत खाली आणायचा आदेश कायम केला. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून राज्याने नवी व्यवस्था लागू केली. ज्यांची शिक्षा हिंसक किंवा फेलनींतही कायद्याने खास 'गंभीर' ठरवलेल्या गुन्ह्यासाठी नव्हती, असे बहुतेक कैदी प्रिझनमधून सुटले की पॅरोल एजंटकडे न जाता काउंटीच्या प्रोबेशन खात्याकडे येऊ लागले. या देखरेखीला आम्ही पीआरसीएस (पोस्टरिलीज कम्युनिटी सुपरव्हिजन, सुटकेनंतरची देखरेख) म्हणतो. माणूस प्रिझनमधून आलाय, माझ्याकडे हजेरी लावतो, आणि तरी तो पॅरोलवरही नाही न् प्रोबेशनवरही नाही. काही जण आणखी तिसऱ्याच मार्गाने येतात, शिक्षेचा काही भाग जेलमध्ये आणि उरलेला आमच्या देखरेखीखाली. जन्मठेपवाले, हिंसक गुन्हेवाले मात्र अजूनही पॅरोलकडेच.

म्हणून नव्या माणसाला मी एकच सांगते: "आत होता का?" हा प्रश्न विसर. "कोणाच्या आदेशाने बाहेर आहे?" हे विचार.

हा कागदी कीस वाटत असेल तर दारापर्यंत चला. घरभेट आहे. बेल वाजवण्याआधी गाडीत बसून न्यायालयाची मिनिट ऑर्डर, म्हणजे सुनावणीत काय ठरलं त्याची लेखी नोंद, वाचायची. त्यात अटींची रांग असते: दारू नको, अमुक व्यक्तीशी संपर्क नको, नुकसानभरपाई इतकी. आणि एक चौकोन, झडतीचा. त्यात खूण असेल तर वॉरंटशिवाय घर तपासता येतं. खूण नसेल तर त्या अटीच्या जोरावर मला कपाट उघडता येत नाही, मग आत कितीही संशयास्पद वास येवो. पीआरसीएस आणि पॅरोलवाल्यांचं तसं नाही. त्यांच्यावर झडतीची अट कायद्यानेच येते, न्यायाधीशाने खूण करावी लागत नाही. पॅरोलवरच्या माणसाची झडती संशय नसतानाही घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच खटल्यात मान्य केलं. एकाच इमारतीत, शेजारशेजारच्या दोन दारांवर, माझे अधिकार असे बदलतात.

आता अट मोडली तर काय? "प्रोबेशन म्हणजे सुटलाच की!" असं म्हणणाऱ्यांनी हे जरा सावकाश वाचावं. समजा न्यायाधीशाने तीन वर्षांची शिक्षा सुनावली, पण अंमल थांबवून प्रोबेशन दिलं. अटी मोडल्या, मी अहवाल दिला, सुनावणी झाली, प्रोबेशन रद्द झालं, तर ती तीन वर्षं त्याच्या अंगावर येतात. पीआरसीएसवाल्याने नेमकी तीच अट मोडली, तर त्या उल्लंघनाबद्दल जास्तीत जास्त 180 दिवस काउंटी जेल. (आणि त्याला दहा दिवसांपर्यंत जेलमध्ये टाकायचा अधिकार खात्याला थेट आहे, न्यायालयात न जाता.) म्हणजे कधीच प्रिझन न पाहिलेल्या माणसाच्या डोक्यावर जास्त मोठं ओझं असू शकतं. हे न समजता "तुला काय, तू तर प्रोबेशनवर आहेस" असा दिलासा देणारा नवशिका अधिकारी मला अजिबात खपत नाही.

शिक्षेआधीचा अहवाल हे आमचंच काम, पॅरोल एजंटच्या वाट्याला तो येत नाही. गुन्हा, आधीचं रेकॉर्ड, पीडित व्यक्तीचं म्हणणं, भरपाई किती, शिफारस काय. शिक्षा सुनावण्याच्या निदान पाच दिवस आधी तो न्यायालयाच्या आणि दोन्ही वकिलांच्या हातात लागतो. त्यात "वृत्ती चांगली नाही" असलं वाक्य लिहू नका. तीन भेटी चुकवल्या असतील तर तीन तारखा लिहा. वृत्ती न्यायाधीश बघून घेतील.

बाकी फरक किरकोळ. पॅरोल एजंट सशस्त्र असतात. आमच्यात ते काउंटीवर आणि नेमणुकीवर अवलंबून. प्रोबेशनचा काळ 2021 पासून बहुतेक फेलनींत दोन वर्षांवर आणि किरकोळ गुन्ह्यांत एका वर्षावर आलाय. नव्यांची सुरुवात कित्येक काउंट्यांत मुलांच्या निरीक्षणगृहात होते, आणि तिथे राज्य की काउंटी हा प्रश्नच उरलेला नाही: राज्याचा बालगुन्हेगारी विभाग 30 जून 2023 ला बंद झाला, मुलं सगळी काउंटीकडे.

हे सगळं कॅलिफोर्नियाचं. पेनसिल्वेनियात कमाल शिक्षा दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर त्या माणसाचा पॅरोलही काउंटीच बघते, त्यामुळे तिथल्या भरतीच्या जाहिरातीत दोन्ही शब्द एकाच पदाच्या नावात दिसले तर अर्ज भरताना गोंधळू नका, ते बरोबरच छापलेलं असतं.