मानवी स्वभाव (ख्रिस्ती विचार)

माणूस मुळात चांगला की स्वार्थी, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने दिलेले उत्तर. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवले (उत्पत्ती १:२७), त्यामुळे त्याचा स्वभाव मूळचा चांगला आहे. आदाम-हव्वेच्या आज्ञाभंगाने तो बिघडला, पण नाहीसा झाला नाही. ख्रिस्ती धर्म माणसाला जन्मतः दुष्ट ठरवतो हा समज सर्रास आढळतो, तो चुकीचा आहे.

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांच्या मते वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही. चांगल्याची उणीव म्हणजे वाईट. त्यांच्याच काळातील धर्मशिक्षक पेलाजियसचे म्हणणे होते की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने चांगला होऊ शकतो. ४१८ साली उत्तर आफ्रिकेतील बिशपांच्या कार्थेज परिषदेने ते नाकारले आणि चांगुलपणाला देवाची कृपा लागतेच, असे ठरवले. प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रवर्तक मार्टिन लूथर यांनी बायबलमधील रोमकरांस पत्रावरील व्याख्यानांत (१५१५–१६) पापी माणसाला स्वतःकडेच वाकलेला म्हटले; असा माणूस देवालाही स्वतःसाठीच वापरतो. स्वार्थाचे इतके नेमके वर्णन क्वचितच सापडते. बाप्तिस्म्यानंतरही, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधीनंतरही, पापाकडे ओढ उरते, हे कॅथलिकांनाही मान्य आहे. मात्र कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने (१५४६) त्या ओढीलाच पाप मानले नाही. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्च आदामाचा दोष वारशाने येतो असे मानत नाही, मर्त्यता येते असे मानते.

स्वतःवर प्रेम करणे म्हणजे स्वार्थ नव्हे. ‘आपल्यासारखी’ शेजाऱ्यावर प्रीती कर, या आज्ञेत स्वतःवरची प्रीती गृहीतच धरलेली आहे.

ठाण्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. १३२१ साली येथे टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि डेमेट्रियस हे संत फ्रान्सिस यांच्या संघाचे चार धर्मबंधू (फ्रान्सिस्कन) मारले गेले. त्यांचे सोबती जॉर्डनस यांनी त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले. पुढे पोर्देनोनेचे ओडोरिक त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेले. निःस्वार्थाची परिसीमा म्हणून हौतात्म्याचा, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देण्याचा, गौरव होतो, तो योग्यच आहे. पण येशूचा प्रेषित पौल याने त्यालाही अट घातली आहे. मी आपले शरीर अर्पण केले आणि माझ्या ठायी प्रीती नसली तर मला काही लाभ नाही, असे तो लिहितो (१ करिंथ १३:३). प्राण देण्यातही ‘मी’ शिल्लक राहू शकतो, ही जाणीव या विचाराचा गाभा वाटते.

आज मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चसह शहरातील कॅथलिक चर्चमध्ये ही शिकवण मुख्यतः उपासनेतून पोचते. मिस्साच्या (कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीच्या) सुरुवातीच्या पापकबुलीत विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर न केलेल्या कर्तव्याचीही क्षमा मागितली जाते. हा शेवटचा भाग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (१९६२–६५) सुधारणेत आला. ती भर मोलाची आहे, कारण स्वार्थ बहुधा काही न करण्यातच लपतो: येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला (बोधकथेतला) याजक वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मारत नाही, फक्त बाजूने निघून जातो (लूक १०:३१). ठाण्यातल्या मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन (या भागातील मूळच्या कॅथलिक) घरांतही पाळल्या जाणाऱ्या, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात प्रार्थना, उपास आणि दानधर्म यांवर भर असतो. त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, मत्तय ६ मधले वाचन होते. त्यात ही तिन्ही कामे लोकांना दिसावीत म्हणून करू नका आणि दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, असे येशू सांगतो.