चाळशीचा नंबर: वय नव्हे, अंतर

चाळिशीत लागते म्हणून ‘चाळशी’. पण नंबर नुसत्या वयावर ठरत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत आलेले पहिले चष्मे बहिर्गोल भिंगांचे होते, म्हणजे चाळशीच; लांबच्या नंबरची अंतर्गोल भिंगं नंतर आली. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग कडक होतं, जवळ पाहताना पुरेसं फुगत नाही. ही शक्ती कशी घटते, याची शास्त्रीय मांडणी डच डॉक्टर डाँडर्स यांनी १८६४ मध्ये केली.

हिशेब सोपा आहे. १०० ला सेंटीमीटरमधल्या अंतराने भागा: ४० सेंमीला २.५०, ५० सेंमीला २.०० ताकद लागते. डोळ्यात उरलेली ताकद वापरून बाकीची भिंगाने द्यायची. ४० सेंमीवर वाचायला पंचेचाळिशीत साधारण +१.५०, साठीला +२.५०. म्हणून पैठणच्या पैठणी विणकराने डोळ्यापासून मागावरच्या कापडापर्यंतचं अंतर टेपने मोजून सांगावं. शेतकऱ्याने तपासणीला सातबारा आणि फवारणीच्या औषधाचं रिकामं खोकं न्यावं. त्यावरचा मिलीचा आकडा चुकीचा वाचला तर पंपातलं प्रमाणच बिघडतं. आठवडी बाजारातल्या तयार चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात आणि सिलिंडर, म्हणजे आडव्या-उभ्या दिशेतला फरक भरून काढणारा नंबर, नसतो; डोळे वेगवेगळे असतील तर डोकं दुखणारच.

लांबचं आणि जवळचं एकाच फ्रेममध्ये आणायला बेंजामिन फ्रँकलिन यांनी दोन काचा अर्ध्या कापून जोडल्या. १७८४ च्या त्यांच्या पत्रात या दुहेरी चष्म्याचा उल्लेख आहे. दुकानातली ‘केटी’ म्हणजे १९०८ ची क्रिप्टॉक, काचेतच वितळवून बसवलेला गोल तुकडा. ‘डी’मध्ये, म्हणजे आडव्या पडलेल्या D अक्षरासारख्या तुकड्यात, वाचायचा भाग रुंद, पण रेघ दिसते. रेघेपाशी चित्र उडी मारतं, त्यामुळे जिना उतरताना मान खाली घालून वरच्या भागातून पायरी पाहावी.

रेघ नसलेली, वरून खाली हळूहळू नंबर बदलत जाणारी प्रोग्रेसिव्ह काच बर्नार्ड मेतेनाझ यांनी १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आणली. तिच्या कडांना धूसरपणा राहतो, तो घालवता येत नाही. फ्रेम आधी नाकावर नीट बसवून मगच काचेवर बुबुळासमोर खूण करायची. खुणेखाली साधारण १८ मिमी काच हवी. इथेच बहुतेक चष्मे बिघडतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामाने फ्रेम तीन-चार मिमी घसरली की वाचायचा भाग खाली जातो आणि माणूस हनुवटी उचलून वाचायला लागतो. नंबर बदलण्याआधी नाकाचे पॅड आणि कानामागची काडी घट्ट करून घ्या. दोन-तीन महिन्यांतच नंबर पालटत असेल तर मात्र आधी साखर आणि मोतीबिंदू तपासा.