जाळ लागला आणि ऊब पोचली, यामधला वेळ

करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड सारलं, की काहिलीतला रस तापायला वेळ लागतो, हे गुळव्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण फ्रेंच गणितज्ञ फूर्येचं १८२२ सालचं उष्णतावहनाचं गणित काटेकोर वाचलं, तर तळाला जाळ लागला त्याच क्षणी काठालाही ऊब पोचते. अगदी नगण्य, पण पोचते. म्हणजे उष्णतेचा वेग अनंत! काहिलीसाठी फूर्ये पुरेपूर पुरतो. तत्त्व म्हणून मात्र हे पटत नाही.

कार्लो कातानेओ यांनी १९४८ साली उपाय सुचवला: तापमानात फरक पडला तरी उष्णताप्रवाह लगेच बदलत नाही, थोडा मागे राहतो. समीकरणात एक पद वाढलं आणि वेग मर्यादित झाला. घन हेलियममध्ये उष्णतेची अशी लाट १९६६ साली मोजलीही गेली.

खरी अडचण पुढे आहे, आणि शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या मुलांनी नेमकं इथंच थांबावं असं मला मनापासून वाटतं. एंट्रॉपीची, म्हणजे पदार्थातल्या विस्कळीतपणाच्या मापाची, जुनी व्याख्या तशीच ठेवून कातानेओंचं समीकरण वापरलं, तर काही क्षणी एंट्रॉपीची निर्मिती ऋण येते. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम तर सांगतो, की ती कधीच ऋण होत नाही. मग चूक कुणाची?

कोलमन आणि नोल यांनी १९६३ साली दुसऱ्या नियमाकडे बघायची दृष्टीच बदलली होती. पदार्थाचा स्वभाव सांगणारी, म्हणजे कॉन्स्टिट्युटिव्ह, समीकरणं हवी तशी लिहिता येत नाहीत. कुठल्याही प्रक्रियेत एंट्रॉपीची निर्मिती ऋण होणार नाही, एवढीच समीकरणं चाळणीतून खाली उतरतात. पण एंट्रॉपीचा प्रवाह म्हणजे उष्णताप्रवाह भागिले तापमान, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. इंगो म्युलर यांनी १९६७ साली तेही सोडलं. एंट्रॉपी उष्णताप्रवाहावरही अवलंबून असू दे, आणि तिचा प्रवाह किती हे पदार्थालाच ठरवू दे, असं त्यांनी मांडलं. उष्णताप्रवाहासारख्या राशींनाही स्वतंत्र चल मानणाऱ्या विस्तारित थर्मोडायनॅमिक्सचं बीज मला या धाडसात दिसतं.

आय-शी लिऊ यांनी १९७२ साली लाग्रांज गुणकांची, म्हणजे अट सांभाळण्यासाठी जोडलेल्या पूरक राशींची, रीत दिली आणि ही चाळणी हाताळणं सोपं झालं. मग १९८३ साली लिऊ-म्युलर जोडीने एकाणू वायूसाठी १३ राशींचा सिद्धांत उभा केला: घनता, वेगाचे ३ घटक, तापमान, ताणाचे ५ आणि उष्णताप्रवाहाचे ३.

त्याआधीच, १९८१ साली, रुग्गेरी आणि स्त्रुमिया यांनी दाखवलं होतं, की हेच गुणक चल राशी म्हणून घेतले तर समीकरणं सममित हायपरबोलिक होतात. अशा समीकरणांत कुठलीच लाट अनंत वेगाने धावत नाही. कातानेओंनी जे पद हाताने जोडलं होतं, त्याचं काम आता एंट्रॉपीच्या अटीतूनच होत होतं.