पोटऱ्यांतलं पाणी आणि रात्रीची झोप

अर्धांगाचा झटका, म्हणजे स्ट्रोक, आलेल्या माणसाला हॉस्पिटलमधून घरी आणलं की घरच्यांचं सगळं लक्ष हातापायाकडे आणि बोलण्याकडे असतं. झोपेची तक्रार मागाहून येते. तीही बहुतेक वेळा रुग्णाची नसते, रात्री त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाची असते: दिवसभर डुलक्या काढतात आणि रात्री टक्क जागे. डोळा लागलाच तर मोठ्याने घोरतात, मधेच श्वास थांबतो, मग दचकून उठतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागितली जाते. दिवसाचा व्यायाम या झोपेला मदत करू शकतो, हे मात्र सहसा सुचत नाही.

‘वय झालं, झोप कमी व्हायचीच’ म्हणून हे सोडून देण्यासारखं नाही. झोपेत श्वास अडण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, स्ट्रोकच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत आढळतो. निद्रानाश साधारण तिघांतल्या एकाला असतो. काहींच्या मेंदूत झोप आणि जाग सांभाळणाऱ्या भागालाच, उदाहरणार्थ थॅलॅमसला, इजा झालेली असते. तिथे व्यायामाकडून फार अपेक्षा नको. पण पुष्कळांची रात्र बिघडण्यात त्यांच्या दिवसाचा मोठा वाटा असतो.

तो दिवस कसा जातो, हे मेलबर्नच्या ज्युली बर्नहार्ट यांच्या गटाने तिथल्या स्ट्रोक विभागांत पाहिलं आणि 2004 मध्ये प्रसिद्ध केलं. पहिल्या चौदा दिवसांतल्या रुग्णांचा दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात गेला होता, 28 टक्के नुसतं बसून. उपयोगाची म्हणता येईल अशी हालचाल जेमतेम 13 टक्के वेळ. आणि 60 टक्के वेळ माणूस एकटा. आपल्याकडे एकटेपणा कदाचित कमी असेल, पण ‘तुम्ही उठू नका, मी देते हातात’ हे प्रेम शेवटी तिथेच नेऊन बसवतं.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. चहाकॉफीतलं कॅफीन याच रसायनाची वाट अडवतं, म्हणून तरतरी येते. दुपारी दोन तास झोप झाली की साठलेली ओढ उतरते आणि रात्रीसाठी उरत नाही. दिवसा थोडं थोडं चालणारा, उभा राहणारा माणूस निदान जागा तरी राहतो. सकाळी अंगणात किंवा गॅलरीत चालला तर उजेडामुळे शरीराचं घड्याळही जागेवर येतं.

याहून मजेदार गोष्ट पायांत घडते. पोटरीचा स्नायू दर पावलाला आवळतो आणि पायातलं रक्त वर ढकलतो. खुर्चीत पाय सोडून तासन्‌तास बसलं की हा पंप बंद असतो आणि पाणी पायांत उतरतं. लकवा मारलेल्या पायावर संध्याकाळी सूज दिसते, ती पुष्कळदा यामुळेच. रात्री आडवं झाल्यावर हे पाणी वरच्या दिशेला सरकतं. त्यातलं काही मानेपर्यंत पोचतं आणि घशातली हवेची वाट अरुंद होते. टोरांटोमधल्या डग्लस ब्रॅडली यांच्या गटाने 2009 मध्ये लठ्ठ नसलेल्या पुरुषांत हे मोजलं. रात्रभरात पायांतून जितकं जास्त पाणी सरकलं, तितका मानेचा घेर वाढला आणि तितके श्वास अडण्याचे प्रसंगही वाढले. घोरण्याचं मूळ पोटरीत शोधायचं, हे आधी कोणाला सुचलं असतं?

अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांना बारा आठवडे, आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम दिला. श्वास अडण्याचे प्रसंग तासाला सुमारे 32 होते, ते 25 च्या आसपास आले. वजन मात्र फारसं हललं नव्हतं, म्हणजे फायदा चरबी उतरल्याचा नव्हे. ही माणसं स्ट्रोकची नव्हती, आणि 25 हा आकडाही काही निरोगी नाही. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन लागत असेल तर व्यायाम सुरू केला म्हणून ते काढून ठेवता येत नाही.

घशाचे आणि जिभेचे स्नायू मात्र थेट स्ट्रोकच्या रुग्णांत तपासले गेले आहेत. गिळायला त्रास होतो म्हणून थेरपिस्ट जीभ टाळूला दाबायला लावतात, तशाच प्रकारचे हे व्यायाम. चीनमध्ये 2018 मध्ये 50 रुग्णांवर झालेल्या चाचणीत वीस आठवड्यांनी श्वास अडणं कमी झालं. जयपूरच्या डॉक्टरांनी 2025 मध्ये स्लीप ॲप्नियाच्या 30 जणांचा अभ्यास मांडला. त्यातल्या काहींनी सहा महिने शंख फुंकला आणि त्यांची दिवसाची पेंग बरीच उतरली. अभ्यास लहान आहे. शिवाय जोर लावून फुंकताना रक्तदाब चढतो, त्यामुळे स्ट्रोकच्या माणसाने देवघरातला शंख डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नये.

झोप सुधारली की तिचा फायदा पुन्हा व्यायामालाच मिळतो. कॅन्सस विद्यापीठातल्या कॅथरिन सिएन्गसुकॉन यांनी स्ट्रोक झालेल्यांना हाताचं एक कौशल्य शिकवलं. मधे झोप झालेल्यांचा हात पुढच्या वेळी अधिक अचूक चालला, तितकेच तास जागे राहिलेल्यांचा नाही. फिजिओथेरपीत सकाळी घोटलेलं रात्री पक्कं होतं.

किती करायचं? स्ट्रोकनंतर दमसास साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढीच धाप लागू द्यावी. आठवड्याला तीन ते पाच दिवस, 20 मिनिटांपासून सुरुवात. तेही दहा-दहा मिनिटांत तोडून चालतं. चालता येत नसेल तर बसून पॅडल मारणं, टाचा उचलणं. घाई मात्र अंगाशी येते. याच बर्नहार्ट यांच्या 2104 रुग्णांच्या चाचणीत पहिल्या 24 तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्यांची प्रगती नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी निघाली.

आणि गोळी मागण्याआधी रात्रीच्या घोरण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून डॉक्टरांना दाखवावा. झोपेच्या काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, आणि पहाटे बाथरूमला जाताना तोल जातो तो वेगळाच.